साठ सेंटीमीटरवरचा पंचम : शिक्षणाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक व माध्यमिक), जिल्हा परिषद, सांगली
आणि जिल्ह्यातल्या सर्व शाळांचे मुख्याध्यापक

विषय : आईवडिलांबरोबर फिरतीवर राहून परत आलेल्या मुलांचा शाळाप्रवेश

सप्रेम नमस्कार.

३ सप्टेंबर २०२४ ला सकाळी माझी थोरली पेपर घेऊन स्वयंपाकघरात आली. विजयवाड्याच्या प्रकाशम बॅरेजमधून कृष्णेचं ११ लाख क्युसेकच्या वर पाणी सुटल्याची बातमी होती. त्याच बॅरेजच्या कठड्याला टेकून तिने पाच महिन्यांपूर्वी लिंबाचं सरबत प्यायलं होतं. तेव्हा खाली वाळूची बेटं दिसत होती. तिने कॅलेंडरचं फाटलेलं पान घेतलं, पाठकोऱ्या बाजूला गणित मांडलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, म्हणजे ११ लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला तीन कोटी अकरा लाख लिटर. मग मला विचारलं, "आई, जतला येतो तो टँकर किती लिटरचा असतो?" मी म्हटलं, दहा हजारांचा धर. तिने भागाकार केला आणि पेन खाली ठेवलं. सेकंदाला तीन हजारांवर टँकर. तिथे आमच्या घरमालकीणबाई होत्या, त्यांचं घर नदीपासून किती उंचावर होतं ते ती आठवत बसली.

साहेब, त्या दिवशी ही मुलगी महाराष्ट्रातल्या एकाही शाळेच्या पटावर नव्हती. तुमच्या कागदांच्या भाषेत ती शाळाबाह्य होती. हे पत्र त्यासाठी आहे.

आम्ही मिरजेचे. माझे यजमान तंतुवाद्यांची कामं करतात, म्हणजे तंबोऱ्याची जवारी काढणं (तार जिच्यावर टेकते ती घोडी घासून स्वर खुलवणं), सतारीचे पडदे बदलणं, फुटलेला भोपळा जोडणं. मिरजेत दीडशे वर्षांहून जुना हा व्यवसाय आहे. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, तुम्ही वाचलं असेलच. पण सगळी कामं दुकानात चालून येत नाहीत. धारवाड, हुबळी, गदग इथल्या गवयांकडे, संगीताच्या शाळांमध्ये दसऱ्यानंतर जावं लागतं. वाद्य प्रवासाला नाजूक, कारागीर चिवट, म्हणून कारागिराने जायचं. इतकी वर्षं ते एकटे जायचे, तीन-तीन महिने. धाकटा दोन वर्षांचा असताना एकदा ते परत आले तेव्हा तो त्यांना बघून माझ्या पदराआड लपला होता. ते त्यांना फार लागलं.

२०२३ साली त्यांना धारवाडपासून पुढे कृष्णेकाठाने थेट आंध्रात नुझविदपर्यंत जायचं होतं. तिथे फणसाच्या लाकडाच्या वीणा घडवतात, त्या कारागिरांबरोबर बसून काम बघायचं होतं. नऊ महिन्यांचा बेत. आम्ही ठरवलं की या वेळी सगळे जायचं. मी लग्नाआधी चार वर्षं शिकवणी घेत होते, मुलांचा अभ्यास आपण घेऊ शकतो असा माझा विश्वास होता. थोरली सहावीत होती, धाकटा दुसरीत. दसरा झाला आणि जुन्या मारुती व्हॅनमध्ये भांडी, अंथरुणं, हत्यारांची पेटी आणि पाठ्यपुस्तकं भरून निघालो. त्याच वर्षी पुस्तकांचे चार-चार भाग झाले होते, आत वहीची पानं घातलेले. ते आमच्या फार कामी आले. बाकीचं ई-बालभारतीवरून मोबाइलवर.

निघण्याआधी थोरलीच्या हट्टाने दोन दिवस उलट्या दिशेला गेलो. "नदीच्या शेवटाकडे जायचं तर आधी सुरुवात बघू," असं तिचं म्हणणं. महाबळेश्वरला गोमुखातलं पाणी, वाईचा घाट, साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा येऊन मिळते ती जागा, कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात तो प्रीतिसंगम. साताऱ्यात मुलांना ती शाळाही दाखवली जिथे ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव पटावर चढलं. आपलं राज्य तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. मी हे मुद्दाम सांगते आहे. शाळेच्या पटावर नाव येणं ही काय चीज आहे, ते ज्यांना मिळू दिलं जात नव्हतं त्यांच्या घरात विचारावं. सावित्रीबाईंचं नायगाव याच साताऱ्यातलं. मी शाळेच्या विरोधात नाही, कधीच नव्हते. माझ्या मुलांनी शाळेत जावं, हीच माझी मागणी आहे.

आता आम्ही काय शिकवलं ते सांगते, कारण शाळेत मला हे कुणी विचारलं नाही.

धारवाडला आम्ही एका वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत तीन महिने राहिलो. सकाळी नाश्ता झाला की ओट्यावर पुस्तकं. थोरलीला अपूर्णांक नकोसे झाले होते. छेद समान करायचं म्हटलं की चेहरा पाडायची. एके दिवशी यजमान सतारीचे पडदे बांधत होते. त्यांनी तिला शाळेची पट्टी आणायला लावली. घोडीपासून वरच्या टोकापर्यंत बाजाची तार जवळपास ९० सेंटीमीटर भरली. म्हणाले, मोकळ्या तारेचा स्वर तेवढ्यापुरता षड्ज धर, आता अर्ध्यावर बोट ठेव. ४५ वर बोट ठेवून तिने तार छेडली, तर वरचा षड्ज. मग म्हणाले, दोन तृतीयांश किती? तिने बोटांवर हिशेब करून ६० म्हटलं. ६० वर पंचम. तीन चतुर्थांश? साडेसदुसष्ट. तिथे मध्यम. पोरगी उठून उभीच राहिली. मग तिनेच पट्टी लावून पंचमाचा खरा पडदा मोजला, तर तो ६० च्या किंचित वर बांधलेला. "बाबा, तुमचा पडदा चुकलाय." बाबांनी तार दाबून दाखवली. बोटाने दाबलं की तार ताणली जाते, ताणली की स्वर चढतो, तेवढा चढ आधीच हिशेबात धरून पडदा मागे सारायचा. तो किती सारायचा ते कुठल्या पट्टीवर नाही, ते कानावर. दोन दिवस ती पट्टी आणि दोऱ्याने बांधलेले पडदे घेऊन बसली होती. त्यानंतर छेद समान करण्याचा कंटाळा मी तिच्या तोंडून ऐकला नाही.

गदगला वीरेश्वर पुण्याश्रमात यजमानांना काम होतं. तिथे डोळ्यांनी न दिसणारी मुलं गाणं-वाजवणं शिकतात, राहणं-जेवण-शिक्षण सगळं मोफत. धाकटा तिथल्या एका त्याच्याएवढ्या मुलाशेजारी बसायचा. तो मुलगा कानडी बोलायचा, हा मराठी. तबल्याचे बोल मात्र दोघांचे एकच. पंधरा दिवसांत धाकट्याचे पाढे, जे माझ्याच्याने होत नव्हते, ते तीनतालाच्या लयीत पाठ झाले. कुडलसंगमला मलप्रभा कृष्णेला मिळते, तिथे बसवेश्वरांची समाधी आहे. बसवेश्वर आपल्या मंगळवेढ्यातही राहिले होते, हे मुलांना तिथे सांगितलं. आणि कृष्णेवरचं आलमट्टी धरण. सांगली-मिरजेच्या मुलांना आलमट्टी हे नाव पुराच्या भीतीतूनच माहीत असतं. धरणातली पाणीपातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटर, ती ५२४ करायची की नाही याचा वाद, हे पेपरात वाचलेलं. सांगलीच्या आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे तर इथलं शेंबडं पोरही सांगतं. २०१९ ला ५७ च्या वर गेलं तेव्हा थोरली सात वर्षांची होती, शाळेच्या वर्गात चटईवर आठ दिवस झोपली होती. ती त्या धरणासमोर पाऊण तास काही न बोलता उभी राहिली. मग विचारलं, "इथल्या लोकांनाही शेतीला पाणी लागतच असेल ना?" नागरिकशास्त्राचा याहून मोठा धडा मला देता आला नसता.

कानडी पाट्या वाचायला ती धारवाडात शिकली. रायचूर ओलांडून तेलुगू मुलखात शिरलो तर निम्मी अक्षरं ओळखीची निघाली. कुठल्या अक्षराची वेलांटी बदलली, कुणाच्या डोक्यावर टोपी चढली, याची तिने एक वही केली आहे.

काय राहून गेलं तेही सांगते. हिंदीचं लेखन मागे पडलं. प्रयोगशाळा नव्हती. इंग्रजी व्याकरण मी स्वतःच कच्ची, तिथे पोरांचं काय होणार. सगळ्यांत मोठं म्हणजे धाकट्याला दोस्त राहिले नाहीत. रायचूरला एकदा रात्री तो उशीत तोंड खुपसून रडत होता, कारण गल्लीतल्या क्रिकेटच्या टीममध्ये त्याची जागा दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं फोनवर कळलं होतं. मुलाला मुलं लागतात. ती आईबाप देऊ शकत नाहीत. म्हणून तर जुलैत परत आल्याबरोबर दुसऱ्याच दिवशी मी शाळेची पायरी चढले.

पुढचं कुणाचंही नाव न घेता सांगते, कारण दोष एका माणसाचा नाही. आधीच्या शाळेत मी निघताना अर्ज दिला होता. त्याची पोच मी घेतली नाही, ही माझी चूक. महिनाभर गैरहजर म्हणून दोघांची नावं कमी केलेली. दाखला मागितला तर सांगितलं, ऑनलाइनला मुलं ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत गेलीत, दुसऱ्या शाळेने ओढून घ्यायची. दुसऱ्या, अनुदानित शाळेत गेले तर त्यांनी आधी दाखला आणा म्हटलं. दाखला नाही, सहावीचं प्रगतिपुस्तक नाही, म्हणजे मुलगी सहावी झालेलीच नाही. सहावीतच बसवा, नाहीतर पुढच्या जूनमध्ये या. मी वह्यांची पिशवी घेऊन गेले होते. ती टेबलावर ठेवली. तिची चेन कुणी उघडली नाही.

अशा सात-आठ खेपा झाल्या. सप्टेंबरच्या शेवटी ती सहावीत बसली, तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी सातवीत. ती तक्रार करत नाही. फक्त सहावीच्या पुस्तकांचं मुखपृष्ठ आतल्या बाजूला दुमडून नेते.

धाकट्याचं मात्र वेगळं झालं. महापालिकेच्या शाळेतल्या एका बाईंनी त्याला समोर बसवलं, गोष्टीचा परिच्छेद वाचून घेतला, हातच्याची वजाबाकी घातली, आणि म्हणाल्या, "तिसरीत बसू दे, कागदाचं मी बघते." दहा मिनिटं लागली. त्या बाईंनी काही मेहरबानी केली असं त्यांनाही वाटत नव्हतं. आणि ते बरोबरच आहे, कारण त्यांनी केलं ते कायद्यात लिहिलेलं आहे.

शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो मी आता कलमासकट वाचला. सहा ते चौदा वयाचं मूल शाळेत नसेल किंवा शिक्षण अर्धवट राहिलं असेल, तर त्याला वयानुसार योग्य त्या वर्गात घ्यायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, हे कलम ४. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेने प्रवेश लांबवायचा किंवा नाकारायचा नाही, हे कलम ५. जून उलटून गेला तरी प्रवेश नाकारायचा नाही, कलम १५. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं स्थानिक प्राधिकरणाचं काम, कलम ९. आणि कलम २९ म्हणतं की शिकणं कृतीतून, शोधातून व्हावं. सतारीच्या तारेवर पट्टी लावून बसलेली मुलगी दुसरं काय करत होती?

याच कायद्याचं कलम १० पालकांवरही जबाबदारी टाकतं, मुलाला शेजारच्या शाळेत घालण्याची. आम्ही नऊ महिने ती पाळली नाही. ते मी मान्य करते. पण पालकाने जबाबदारी पाळली नाही म्हणून मुलाला एक वर्ष खाली बसवा, असं कायद्यात कुठेच नाही.

तुम्ही म्हणाल, एका हौशी कुटुंबासाठी एवढं कशाला. म्हणून विजयवाड्याची गोष्ट सांगते. तिथे सराफ गल्लीत आम्हाला आपली माणसं भेटली. खानापूर तालुक्यातली, गलाईवाली. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात विटा, खानापूर, आटपाडीची माणसं देशभर पसरलेली आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. दुकानाच्या वरच्या खोलीत ती ताई राहत होती. माझ्या तोंडून मराठी ऐकून तिने हात धरून आत नेलं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. तिचा मुलगा दहा वर्षांचा. तेलुगू खाडखाड वाचतो, हिंदी येते, सोन्याचा कस बघताना बापाच्या शेजारी बसून टक्केवारी तोंडी काढतो. घरात अस्सल माणदेशी बोलतो. मराठी लिहिता येत नाही. ताई म्हणाली, "दोन वर्षांमागं सासूबाई आजारी म्हणून गावाकडं सहा महिने राहिलो, तर शाळेनं याला दोन वर्गं खाली घातला. पोरं हसायची. म्हनला, मी परत गावाला येत न्हाई." ताई बोलत होती आणि तो मुलगा माझ्या धाकट्याला तेलुगूत स्वतःचं नाव लिहून दाखवत होता.

आम्ही हौसेने गेलो, परत येऊन पायऱ्या झिजवायला मला वेळ होता. जत-आटपाडीचे मेंढपाळ वर्षातले कित्येक महिने कळपामागे पोराबाळांसह रानोमाळ असतात. ऊसतोडीला बीडकडून आपल्याच कारखान्यांवर टोळ्या येतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून मुलं येतात. त्यांच्या आईने माझ्यासारख्या आठ खेपा कधी घालाव्यात? एक दिवसाची खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी. फिरणारी मुलं ही आपल्या जिल्ह्यात चुकून घडणारी गोष्ट नाही. ४ जुलै २०१५ ला राज्याने एका दिवसात शाळाबाह्य मुलं मोजली, बोटाला शाई लावून. मोजून झाल्यावर त्या मुलाला नेमकं काय येतं, हे कुणी विचारल्याचं मात्र मी ऐकलं नाही.

एक भीती माझ्याही मनात आहे आणि ती मी लपवत नाही. "पोरगी घरीच शिकतेय" असं म्हणून पोरीला घरकामाला लावणारे, तेराव्या-चौदाव्या वर्षी तिचं लग्न उरकणारे लोक आपल्या आसपास आहेत. घरी शिकवण्याला नुसती मोकळीक दिली तर तिचा पहिला गैरफायदा मुलींच्या बाबतीत घेतला जाईल. म्हणून मी म्हणते, तपासा. दर तीन महिन्यांनी व्हिडिओ कॉलवर मुलाला समोर बसवा, वाचून घ्या, गणित घाला. मुलगी दिसली पाहिजे, बोलली पाहिजे. आमच्या बाबतीत नऊ महिन्यांत एकही फोन आला नाही. आला असता तर मला आनंद झाला असता आणि आधारही वाटला असता. हिंदीचं काय करू, एवढं तरी विचारता आलं असतं.

मुक्त विद्यालयाचा रस्ता आहे, हे मला ठाऊक आहे. राज्याच्या मुक्त मंडळाची पाचवी-आठवीची परीक्षा आहे, पुढे दहावीला सतरा नंबरचा फॉर्म आहे. ते ज्यांना शाळेत परत यायचंच नाही त्यांच्यासाठी ठीक. ज्याला परत वर्गात, बाकावर, दोस्तांमध्ये यायचं आहे त्याचं काय? त्याच्यासाठी नवीन काही काढायला नको. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आपल्याच राज्याने काढलं आहे. मूल गाव सोडून जाताना शाळेने ते द्यायचं, जिथे जाईल तिथल्या शाळेने ते बघून बसवून घ्यायचं. माझ्या ओळखीतल्या एकाही पालकाने ते पाहिलेलं नाही. ते मागेल त्या मुलाला द्या. गलाईवाल्याच्या, मेंढपाळाच्या, ऊसतोडीच्या आणि आमच्याही. त्याच्या मागच्या बाजूला मूल काय शिकलं ते लिहायला दोन पानं जोडा. आणि मुख्याध्यापकांना एक साधं पत्रक काढा : परत आलेलं मूल पहिल्या दिवशी वयाच्या वर्गात बसेल, कागद मागून येईल. त्या महापालिकेच्या बाईंनी जे दहा मिनिटांत केलं, तेवढंच.

थोरलीला सातवीत बसवा, ही विनंती वेगळ्या अर्जात केली आहे. या वेळी पोच घेतली आहे.

दिवाळीनंतर यजमान पुन्हा धारवाडला निघतील, दोन महिन्यांसाठी. मुलांना सोबत न्यायचं की नाही, हे आमचं अजून ठरत नाही. धाकटा नको म्हणतो, त्याची टीम आत्ता कुठे जमली आहे. थोरलीला जायचं आहे. निघण्याआधी तिचं कार्ड मागायला मी तुमच्या कार्यालयात येईन, वह्यांची पिशवी घेऊन. सतारही घेऊन येऊ, असं ती म्हणते. पट्टी ती स्वतः आणणार आहे.

आपली,
मिरजेतली एक आई